1,450 गाड्या, 7 डबे

वाशीम स्टेशनातून सुटणारी एक गाडी मनात आणा. 22 डबे, सगळे स्लीपर. डब्यात 72 माणसं, म्हणजे गाडीत 1,584. आता अशी गाडी दर तासाला सोडा. दिवसा सोडा, रात्री सोडा, अकोल्याकडे सोडा नाहीतर पूर्णेकडे. दक्षिण सुदानमधून जीव वाचवून परदेशी आसऱ्याला गेलेली माणसं आहेत सुमारे 23 लाख. त्यांना बसवायला 1,450 गाड्या लागतील आणि शेवटची गाडी सुटेपर्यंत अहोरात्र दोन महिने जातील! 2011 च्या जनगणनेत आपला अख्खा वाशीम जिल्हा भरला 12 लाखांच्या आत. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत घराघराला कुलूप लावा, शेजारचा तेवढाच आणखी एक जिल्हा रिकामा करा, तेव्हा कुठे हा आकडा गाठता येतो.

आता दुसरी गाडी बघा. एनबीए ही जगातली सर्वांत मोठी व्यावसायिक बास्केटबॉल लीग. संघ 30, संघात खेळाडू 15. एकूण 450. सात डब्यांत सगळे मावले, वर 54 बर्थ मोकळे!

या सात डब्यांत लुओल डेंग चढला. 1985 साली आजच्या दक्षिण सुदानमधल्या वाऊ शहरात जन्मलेलं हे डिंका जमातीचं पोर तेव्हाच्या सुदानच्या यादवी युद्धात देशाबाहेर पडलं. वाऊ ते कैरो अडीच हजार किलोमीटर, तेही सरळ रेषेत. कैरो ते लंडन साडेतीन हजार. चौदाव्या वर्षी लंडनहून न्यू जर्सीच्या शाळेत, आणखी साडेपाच हजार. बेरीज साडेअकरा हजार. मुंबई-पुणे दीडशे धरलं तर 76 वेळा!

इजिप्तमध्ये त्याला चेंडू हातात धरायला शिकवलं ते एनबीएत खेळलेल्या मनूट बोल यांनी, आणि इथे थांबायलाच हवं. उंची 7 फूट 7 इंच. दोन्ही हात पसरले की साडेआठ फूट, म्हणजे जवळजवळ एसटीची रुंदी. बास्केटची कडी 10 फुटांवर असते. आपल्या स्लॅबच्या घराचं छतही साधारण तेवढंच. मनूट टाचा न उचलता तिथे हात लावत. एनबीएत त्यांनी स्वतः 1,599 गुण केले आणि प्रतिस्पर्ध्यांचे 2,086 फटके हवेतच अडवले. आणि कमाईचा मोठा वाटा? तो सुदानच्या निर्वासितांना देऊन टाकला. गुरू असा लाभला होता.

शिष्य 2004 साली एनबीएत आला. 15 हंगाम, 900 हून जास्त सामने, 13 हजारांहून जास्त गुण. सामन्याला चार किलोमीटर धाव धरा: 3,600 किलोमीटर. आपल्या जिल्ह्यातून जाणारा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पाच वेळा संपवूनही उरतील! 2016 साली लॉस एंजेलिस लेकर्सने चार वर्षांचा करार केला 7 कोटी 20 लाख डॉलरचा. तेव्हाच्या भावाने 480 कोटी रुपये. दिवसाला जवळजवळ 33 लाख. वाशीम जिल्ह्यात वाटायला बसलं तर पाळण्यातल्या बाळापासून पणजोबांपर्यंत माणशी चार हजार!

डेंगने खरंच वाटले. 2005 साली स्वतःची संस्था काढली, निर्वासित मुलांसाठी हात सैल सोडला. 2019 साली निवृत्त झाल्यावर दक्षिण सुदानच्या बास्केटबॉल महासंघाचं अध्यक्षपद घेतलं आणि संघाची विमानभाडी, हॉटेलं, सराव यांचा खर्च आपल्या खिशातून केला. देश कसा? महाराष्ट्राच्या दुप्पट मोठा, पण तेव्हा बास्केटबॉलचं एकही बंदिस्त कोर्ट नव्हतं. वयाने कोवळा: वाशीम जिल्हा झाला 1998 च्या जुलैत, हा देश जन्मला 2011 च्या जुलैत, आपल्या जिल्ह्याहून 13 वर्षांनी धाकटा!

आणि हे धाकटं पोर 20 जुलै 2024 रोजी लंडनमध्ये अमेरिकेसमोर उभं राहिलं. तिकडे 33 कोटींवर लोकसंख्या, इकडे सव्वा कोटीही नाही. तिकडे लेब्रॉन जेम्स, स्टीफन करी. मध्यंतराला अमेरिका 16 गुणांनी मागे! सामना संपायला काही सेकंद उरले असताना लेब्रॉनने चेंडू टाकला, म्हणून अमेरिका वाचली. 101 विरुद्ध 100. एका गुणाने!

आठवड्याने ऑलिम्पिक. देशाचा त्या खेळातला पहिलाच ऑलिम्पिक सामना, प्रतिस्पर्धी पोर्तो रिको. दक्षिण सुदान 90, पोर्तो रिको 79.