रंगकाम, काचकाम आणि शिकाऊ उमेदवारी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दहावी-बारावीचे निकाल लागले की सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत एकच विषय निघतो : पोरगं पुढं काय करणार? मार्क बेताचे असले की कुणीतरी सुचवतं, ‘पेंटरच्या हाताखाली लाव,’ नाहीतर ‘स्लायडिंगवाल्याकडं पाठव, काच बसवायला शिकेल.’ सल्ला मुळीच वाईट नाही. कराड, मिरज, विटा, फलटण, कुठंही बघा. घरं बांधली जातायत, दुकानांचे दर्शनी भाग काचेचे होतायत आणि चांगल्या कारागिराची वाट बघत कामं खोळंबतायत.

अडचण सुरू होते ती पुढं. दोन-तीन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली जातात, हात बसतो, पण हातात कागद एकही नसतो. बँकेत, कंपनीत किंवा मोठ्या ठेकेदाराकडं गेलं की ‘काय शिकलायस?’ या प्रश्नाला दाखवण्यासारखं काही नसतं. देशात शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे, तरीही ही वेळ येते. काम शिकताना कसब आणि कागद दोन्ही मिळवता येतात, मिळवायलाच हवेत. आड येतात ते काही पक्के बसलेले गैरसमज. ते एकेक करून पाहू.

गैरसमज १ : पेंटरच्या हाताखाली राहिलं की शिकाऊ उमेदवारी झाली.

वस्तुस्थिती : उस्तादाजवळ राहून शिकण्याची आपल्याकडं मोठी परंपरा आहे. विटा, खानापूर, आटपाडी भागातली पोरं नात्यातल्या माणसाबरोबर परराज्यात गेली, तिथं राहून सोनं-चांदी गाळायला शिकली आणि गलाईचा धंदा देशभर पसरला. या शिक्षणाची किंमत कमी नाही. मात्र कायद्यातली शिकाऊ उमेदवारी ही वेगळी गोष्ट आहे. तिथं मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो, उमेदवार अज्ञान असेल तर पालक सही करतात आणि करार सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो. कोणता ट्रेड, किती महिने, दरमहा किती विद्यावेतन, हे सगळं त्यात येतं. शेवटी परीक्षा होते आणि प्रमाणपत्र मिळतं. करार नोंदवलेला नसेल तर कायद्याच्या हिशेबी ती उमेदवारी नव्हेच.

यात एक खरी मर्यादा आहे. किमान चार माणसं कामावर असलेल्या आस्थापनेलाच या योजनेत उमेदवार घेता येतात. दोन पोरं घेऊन गावोगाव कामं करणाऱ्या पेंटरला ते जमत नाही. अशा उस्तादाकडं शिकणाऱ्यानं काय करावं? अठरा वर्षं पूर्ण झाली आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम झालं की महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडं नोंदणी करावी. मंडळाच्या कामांच्या यादीत रंग-वॉर्निश लावणं आहे, तसंच काच कापणं आणि तावदानं बसवणंही आहे. दुसरी वाट पूर्वकौशल्याच्या मूल्यमापनाची. आधीच हातात असलेल्या कामाची परीक्षा देऊन कौशल्य परिषदेचं प्रमाणपत्र मिळवता येतं. रंगकामासाठी पेंट्स अँड कोटिंग्ज स्किल कौन्सिल नावाची स्वतंत्र परिषद आहे.

गैरसमज २ : शिकायचं म्हणजे पहिली वर्षं फुकट राबायचं.

वस्तुस्थिती : नोंदणीकृत उमेदवाराला विद्यावेतन द्यावंच लागतं. २०१९ च्या नियमांनुसार दरमहा किमान रक्कम अशी : पाचवी ते नववी शिकलेल्याला ५,००० रुपये, दहावी झालेल्याला ६,०००, बारावी किंवा आयटीआय झालेल्याला ७,०००. दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के वाढ मिळते. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेनं हे आकडे ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली, म्हणून करारावर सही करण्याआधी पोर्टलवरचा त्या दिवशीचा दर बघून घ्यावा.

इथं दोन गोष्टी नीट ध्यानात ठेवायच्या. पहिली अशी की विद्यावेतन चौरस फुटावर किंवा नगावर देता येत नाही. ‘जेवढ्या खिडक्या बसवशील तेवढे पैसे’ हा हिशेब कारागिराचा आहे. शिकणाऱ्याला तो लावण्याची कायद्यानं मनाई आहे, कारण नगाच्या मागं धावणारा माणूस शिकत नाही, उरकतो. दुसरी गोष्ट सरकारी वाट्याची. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपयांचा वाटा सरकार उचलतं आणि २०२३ पासून तो थेट उमेदवाराच्या खात्यात येतो. त्यामुळं पगार दोन तुकड्यांत जमा होतो. मालकाकडून आलेली रक्कम बघून ‘मला कमी दिले’ असं वाटण्याआधी दुसरा तुकडा तपासावा. त्यासाठी बँक खातं आधारला जोडलेलं हवं.

नाव नोंदवून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर सरळ नकार द्या. पोर्टलवरच्या नोंदणीला शुल्क नाही.

गैरसमज ३ : हे सगळं मोठ्या कारखान्यांपुरतं.

वस्तुस्थिती : तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घेणं बंधनकारक आहे आणि या मोजणीत कंत्राटी माणसंही धरली जातात. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेवर सक्ती नाही, पण तिला मुभा आहे. म्हणजे सातारा, कराड, मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींतले कारखाने यात येतात, तसंच आठ-दहा माणसांचं ॲल्युमिनियम सेक्शन आणि काचेचं वर्कशॉपही येतं. अशा वर्कशॉपवाल्यांना हे बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं. पालकांनी स्वतः विचारायला हरकत नाही : ‘पोराला करारावर घ्याल का?’

कारखान्यातलं रंगकाम घराच्या रंगकामापेक्षा वेगळं असतं, हे मात्र खरं. तिथं स्प्रे गन, पावडर कोटिंग, भट्टीचं तापमान, थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजणं अशी कामं असतात. ज्याला पगारी नोकरी हवी त्यानं तिकडं वळावं. ज्याला पुढं स्वतःचा ठेका घ्यायचा आहे त्यानं इमारतीचं काम धरावं.

आयटीआयमध्ये ‘पेंटर (जनरल)’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तो प्रत्येक संस्थेत असेलच असं नाही, म्हणून दहावीनंतरच्या राज्याच्या ऑनलाइन प्रवेशप्रक्रियेत संस्थेगणिक यादी बघावी. काचकाम बहुतेक ठिकाणी स्लायडिंग खिडक्या आणि ॲल्युमिनियमच्या कामाबरोबरच शिकलं जातं. कायद्यात मुलगा-मुलगी हा भेद नाही. किमान वय १४ आहे, धोक्याच्या कामांना १८.

गैरसमज ४ : रंग मारायला शिकायचं काय? ब्रश धरला की झालं.

वस्तुस्थिती : रंगाचा हात मारणं हा कामाचा शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. खरं काम त्याआधीचं : खरवडणं, घासणं, भेगा बुजवणं, अस्तर, लांबी, पुन्हा पॉलिश पेपर. आणि त्याच्याही आधीचं काम म्हणजे भिंत ओळखणं.

आपल्या दोन जिल्ह्यांत भिंत ओळखणं किती महत्त्वाचं आहे ते बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जतकडं तो पाचशेच्या घरात असतो. पाटण-जावळीत जो थर पावसाळ्यात सुटतो, तोच जतला उन्हानं भुरकट होतो. एका गावचा अंदाज दुसऱ्या गावात चालत नाही.

सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर दिवाळीच्या आत घर रंगवून घ्यायची घाई होणं साहजिकच होतं. पण पुराचं पाणी प्यालेली भिंत वरून कोरडी दिसली तरी आतून महिनोन्‌महिने ओली राहते. त्या ओलीबरोबर विटांतले आणि प्लास्टरमधले क्षार बाहेर येतात, लोणा फुटतो आणि वरचा महागातला इमल्शन पोपडे धरून गळतो. अशा वेळी जाणता पेंटर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट लावतो आणि दुसऱ्या दिवशी काढून बघतो. आतून दव धरलं असेल तर तो सांगतो, ‘अजून थांबा.’ नव्या प्लास्टरलाही साधारण २८ दिवस द्यावे लागतात. गिऱ्हाईक घाई करत असताना ‘थांबा’ म्हणता येणं, आणि का थांबायचं ते समजावून सांगता येणं, हे शिकायला वर्षं लागतात. उमेदवारी त्यासाठीच आहे.

गैरसमज ५ : काच कापायला हात धीट लागतो, बाकी काही नाही.

वस्तुस्थिती : काच खरं तर कापली जात नाही. कटरच्या चाकानं तिच्यावर एक बारीक ओरखडा ओढायचा आणि त्या रेषेवर दाब देऊन ती मोडायची. ओरखडा एकदाच, एकसारख्या दाबानं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रेघ नीट उमटली नाही म्हणून तिच्यावरूनच पुन्हा चाक फिरवलं की काच भलतीकडं फुटते आणि चाकही बोथट होतं. कान इथं फार कामाला येतो : रेघ बरोबर पडत असताना एकसारखा बारीक करकर आवाज येतो, तो तुटला की दाब चुकला.

टफन्ड काच तर कापताच येत नाही. साधी काच आधी मापात कापून, कडा घासून, भोकं पाडून मग भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि हवेच्या झोतानं एकदम थंड करतात. त्यानं ती चार-पाच पट मजबूत होते. पण नंतर तिला कुठंही चीर दिली की सगळी काच एका क्षणात बारीक तुकड्यांत कोसळते. म्हणून मापात दोन मिलिमीटर चूक झाली तर अख्खी काच वाया. चौकटीची रुंदी वर-मधे-खाली अशी तीन ठिकाणी मोजायची, उंचीही तशीच, शिवाय दोन्ही कर्ण. सगळ्यांत लहान माप धरायचं आणि त्यातून रबराची, सिलिकॉनची जागा वजा करायची. चौकट काटकोनात आहे यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही.

वजनाचा हिशेबही तोंडपाठ हवा. काच दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. सात बाय तीन फुटांचा १२ मिलिमीटरचा दरवाजा म्हणजे जवळजवळ ५८ किलो. तो एकट्यानं उचलायला लावणारा उस्ताद चांगला नाही, एवढं पालकांनी समजून घ्यावं.

गैरसमज ६ : धुळीची, वासाची सवय होते, मास्क-बिस्क नवख्यांसाठी.

वस्तुस्थिती : सवय होते ती नाकाला, फुफ्फुसाला होत नाही. थिनरच्या वासानं बंद खोलीत डोकं गरगरायला लागलं की शरीर धोक्याची सूचना देत असतं. जुन्या ऑइल पेंटचा धोका तर दिसतही नाही. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या दारं-खिडक्यांवर, विशेषतः वाई-साताऱ्याच्या जुन्या वाड्यांत, शिशाचे थर असू शकतात. ते कोरडे घासले की शिसं धुळीतून छातीत जातं आणि कपड्यांवरून घरच्या लहान मुलांपर्यंत पोचतं. म्हणून असा रंग ओला करूनच घासायचा, चांगला मास्क लावायचा, जेवणाआधी हात धुवायचे, कामाचे कपडे वेगळे ठेवायचे. काचकामाला हातमोजे, मनगटपट्ट्या आणि जाड बूट लागतात. परांचीवर चढताना पट्टा बांधायलाच हवा.

नोंदणीकृत उमेदवाराला कामावर इजा झाली तर कामगाराप्रमाणं नुकसानभरपाईचा हक्क असतो. तोंडी बोलीवर काम करणाऱ्याला हाच हक्क शाबीत करताना नाकी नऊ येतात. कागद का हवा, याचं याहून मोठं कारण नाही.

गैरसमज ७ : उमेदवारी संपली की नोकरी पक्की.

वस्तुस्थिती : करारात तसं लिहिलेलं नसेल तर मालकावर नोकरी देण्याचं बंधन नाही. सही करण्याआधी हे कलम वाचा. मिळतं ते राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, आणि ते देशभर चालतं. मध्येच करार सोडला तर तेही हातचं जातं, म्हणून पन्नास-शंभर रुपये जास्त रोजासाठी शेवटच्या महिन्यांत काम टाकू नये.

गैरसमज ८ : हे धंदे बाहेरच्या लोकांचे; आपल्याकडं शिकवणार कोण?

वस्तुस्थिती : १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा केला होता आणि परदेशात काचेचं शास्त्र शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेयांनी तिथं काच बनवायला शिकवलं. पुढं १९१६ मध्ये कराडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानात, ओगल्यांचा काच कारखाना उभा राहिला. त्याच्या प्रभाकर कंदिलानं घरोघरी उजेड दिला आणि ओगलेवाडी हे नाव कायमचं राहिलं. त्याच संस्थानात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली होती. आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या मुलांनी या ठिकाणी यंत्र आणि भट्टी पहिल्यांदा पाहिली आणि कामावर शिकून ती कारागीर झाली. शिकवणारे तेव्हा तयार झाले, तसे आजही होतील. आज शिकणारी मुलंच उद्याचे उस्ताद आहेत.

मग सुरुवात कशी करावी? आधार, गुणपत्रिका आणि बँक पासबुक घेऊन जिल्ह्याच्या सरकारी आयटीआयमध्ये जा आणि तिथं शिकाऊ उमेदवारीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला भेटा. पोर्टलवर नाव नोंदवा. मनात असलेल्या वर्कशॉपमध्ये किंवा ठेकेदाराच्या साइटवर दोन दिवस नुसतं उभं राहून बघा : पोरांना शिकवतात की फक्त डबे उचलायला लावतात, परांची मजबूत आहे का, मास्क-हातमोजे दिसतात का. मगच करार मागा, तो वाचा, त्याची प्रत घरी ठेवा. आणि पालकांनो, ‘काही जमलं नाही म्हणून पेंटर झाला’ हे वाक्य घरात उच्चारू नका. ओल ओळखून घर राखणारा आणि मिलिमीटर सांभाळून काच उभी करणारा माणूस शिकलेलाच असतो. त्याच्या शिक्षणाला त्याच मानानं वागवा.