लॅपटॉपला ताप आलाय!

लॅपटॉप स्लो झाला की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. ‘फॉरमॅट मार’ नाहीतर ‘नवीन घे’. देणाऱ्याला फुकट, घेणाऱ्याला महाग!

मी फ्रीलान्सर. लॅपटॉप हेच माझं ऑफिस. उबंटूवर चालणारा माझा पाच वर्षांचा लॅपटॉप ऐन मे महिन्यात रडायला लागला. रिपेअरवाला म्हणाला, ‘मॅडम, वय झालं त्याचं.’ पण खिशातून चाळीस-पन्नास हजार जाणार असतील तर आधी पुरावा नको? आणि लिनक्सवर तो फुकटात मिळतो, बॉस!

मुळात प्रोसेसर फार तापला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. याचं नाव थर्मल थ्रॉटलिंग. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोचला की धावणारा गडी रांगायला लागतो. तेव्हा प्रश्न तीनच.

काम कोण करतंय? टर्मिनल उघडून ‘टॉप’ कमांड द्या. एखादा प्रोग्रॅम सतत १०० टक्क्यांच्या आसपास दिसला, तर आरोपी सापडला. बऱ्याचदा तो ब्राउझरचा विसरलेला टॅब असतो.

ताप किती? ‘एलएम-सेन्सर्स’ हे पॅकेज टाका आणि ‘सेन्सर्स’ कमांड द्या. प्रत्येक कोरचं तापमान समोर.

वेग किती? ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘सीपीयूइन्फो’ फाइल बघा. त्यात प्रत्येक कोरचा मेगाहर्ट्झमधला वेग असतो.

आता खरी गंमत. हे आकडे काम चालू असताना एकत्र वाचायचे. ताप ९५च्या वर आणि वेग घसरलेला? मग दोष कूलिंगचा. पंख्याच्या जाळीत धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, किंवा गादीवर ठेवून बंद केलेली हवेची वाट. ताप ५० आणि वेग तरी ८००वर अडकलेला? मग धूळ निर्दोष! पॉवर सेव्हर मोड तपासा, नंतर चार्जर. कमी वॅटचा किंवा न ओळखलेला चार्जर लावला की काही लॅपटॉप मुद्दाम वेग दाबून ठेवतात. आणि ताप, वेग दोन्ही ठीक, तरी सगळं अडखळतंय? मग रॅम आणि डिस्ककडे वळा.

माझ्या केसमध्ये ताप ९७, वेग ८००. जाळी साफ केली, नवी पेस्ट लावून घेतली. त्याच कामाला आता ताप पंचाहत्तरच्या आत राहतो. खर्च? एका बऱ्या डिनरएवढा.

एक टिप. ब्लोअर मारताना लॅपटॉप बंद ठेवा आणि पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, नाहीतर तो भरमसाट फिरून बिघडू शकतो.

तेव्हा ईएमआयचं गणित मांडण्याआधी पाच मिनिटं द्या. वय झालंय की नुसता ताप आलाय, हे थर्मामीटर लावल्याशिवाय कळत नाही राव!