चार वर्ग, एकट्या बाई

माझी धाकटी जाऊ खेड्यातल्या झेडपीच्या शाळेत शिकवते. सोबतचे गुरुजी बदलून गेले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. पहिली ते चौथी, सगळे वर्ग हिच्याच गळ्यात. पहिलीची अक्षरं गिरवून होईपर्यंत चौथीची मुलं नुसती पाढे उतरवत बसतात. त्यात निवडणुकीची कामं आहेतच! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, ६१ वं मूल आलं की तिसरा. पण मैत्रिणींनो, बाई एकट्याच म्हटल्यावर परवडणारे पालक मुलांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालतात. पट घसरला की पदंही कमी होतात. मागे उरतात मजुरांची लेकरं. परवा ही अंगात ताप असताना निघाली. घरी राहिली असती, तर शाळेचं कुलूप कोण काढणार?