घशाचा व्यायाम: आधी तपासणी, मग यंत्र

माझ्या टेबलावर दर काही दिवसांनी कुणीतरी एक छोटा खोका आणून ठेवतं. आत बोटभर जाडीची प्लास्टिकची नळी, तिला तोंडात धरायचं टोक आणि दुसऱ्या बाजूला पिळून घट्ट करायची गुंडी. पाठोपाठ प्रश्न येतो, "मॅडम, बाबांना गिळता येत नाही. घसा कमजोर झालाय. हे ऑनलाइन मागवलंय. दिवसातून किती वेळा फुंकायला लावू?" विचारणाऱ्याची तळमळ खरी असते आणि खिशातून पैसेही गेलेले असतात. पण बाबांना का गिळता येत नाही, हे तोवर कुणी पाहिलेलंच नसतं. स्पीच थेरपिस्ट म्हणून हे इतक्यांदा ऐकलंय की एकदा सविस्तर लिहायलाच हवं.

गैरसमज: गिळता येत नाही म्हणजे घशात ताकद नाही. यंत्राने ताकद आली की गिळणं सुधारेल.

वस्तुस्थिती: गळ्यावर बोट ठेवून एकदा आवंढा गिळा. कंठमणी वर उचलला जातो, किंचित पुढे येतो आणि परत जागेवर बसतो. या जेमतेम सेकंदाभरात जीभ घास मागे लोटते, नाकाकडची वाट बंद होते, श्वास थांबतो, स्वरयंत्र मिटतं आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. तिसांहून अधिक स्नायूंच्या जोड्या एका ठरलेल्या क्रमाने हे काम करतात. त्याला ताकद लागते, तशी अचूक वेळही लागते आणि घास कुठवर आलाय याची जाणीवही लागते.

बिघाड यांपैकी कशातही होऊ शकतो. कुणाचे स्नायू खरोखरच दुबळे असतात. कुणाचे धडधाकट असतात, पण गिळण्याची क्रिया उशिरा सुरू होते. कुणाला घशात अन्न उरलंय हेच कळत नाही. कुणाच्या अन्ननलिकेचं तोंड पुरेसं उघडत नाही, तर कुणाच्या अन्ननलिकेत गाठ असते. तक्रार सगळ्यांची एकच: "गिळता येत नाही." या सगळ्यांवर एकच नळी कशी लागू पडेल?

पक्षाघात होऊन गेलेल्या एका आजींची तपासणी आठवते. मुलाने त्यांच्याकडून दोन महिने नेमाने यंत्र फुंकून घेतलं होतं, तरी पाण्याचा ठसका जात नव्हता. बेरियम मिसळलेलं पाणी पाजून आम्ही एक्स-रेचं चलचित्र पाहिलं. जीभ नीट लोटत होती, घसा चांगला आवळत होता. पण पडद्यावरची पाण्याची काळी रेघ स्वरयंत्राच्या दारातून आत उतरली, आणि त्यानंतर कुठे कंठमणी हलला. क्रियाच उशिरा सुरू होत होती. पाणी थोडं दाट केलं, घोट लहान केला, हनुवटी छातीकडे घेऊन गिळायला लावलं. तीच रेघ सरळ अन्ननलिकेत गेली. दोन महिने ज्या ताकदीसाठी घरादाराने कष्ट घेतले, ती त्यांच्याकडे आधीपासून होती.

म्हणजे यंत्रं फसवी आहेत का? मुळीच नाही. योग्य रुग्णाला ती उपयोगी पडतात आणि त्याला आधार आहे. फुंकायच्या यंत्रात स्प्रिंगवर बसवलेली झडप असते. ठरावीक जोर लागल्याशिवाय ती उघडत नाही. तो जोर लावताना छाती-पोटाच्या स्नायूंबरोबर हनुवटीखालचे स्नायूही कामाला लागतात, आणि स्वरयंत्राला वर ओढणारे स्नायू हेच. पार्किन्सन्सच्या ६० रुग्णांवरचा अमेरिकेतला अभ्यास 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात २०१० साली आला. निम्म्यांना खरं यंत्र दिलं, निम्म्यांना तसंच दिसणारं पण जोर न लागणारं. चार आठवड्यांनी खरं यंत्र वापरणाऱ्यांचं गिळणं अधिक सुरक्षित झालेलं आढळलं.

जिभेसाठी वेगळं यंत्र असतं. हवा भरलेला छोटा फुगा टाळूशी ठेवून जिभेने दाबायचा आणि दाब आकड्यात वाचायचा. अन्ननलिकेचं तोंड नीट उघडावं म्हणून डॉ. रझा शाकेर यांचा व्यायाम आहे: पाठीवर झोपायचं आणि खांदे न उचलता, पायाची बोटं दिसतील एवढं डोकं उचलायचं. ज्यांना तो झेपत नाही ते बसून हनुवटीखाली रबरी चेंडू दाबतात. सिंगापूरच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ४० निरोगी लोकांवर मोजून दाखवलं, की चेंडू दाबतानाही हनुवटीखालचे स्नायू चांगलेच कामाला लागतात.

प्रत्येक व्यायामाचे स्नायू ठरलेले आहेत आणि मात्राही ठरलेली आहे. फुंकायच्या यंत्रात आधी रुग्णाचा जास्तीत जास्त जोर मोजतात, त्याच्या साधारण ७५ टक्क्यांवर झडप लावतात, पाच-पाच फुंकरांचे पाच फेरे, आठवड्याचे पाच दिवस करून घेतात आणि ताकद वाढेल तशी झडप घट्ट करतात. घरी अंदाजाने गुंडी पिळली तर एक तर झडप सैल राहून व्यायाम होतच नाही, नाही तर रुग्ण धापा टाकतो.

गैरसमज: व्यायामच आहे, अपाय काय होणार?

वस्तुस्थिती: रक्तदाब आटोक्यात नसेल, हर्निया असेल, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा कानाचा पडदा फाटलेला असेल, तर जोर लावून फुंकणं धोक्याचं आहे. मानेच्या मणक्याचं दुखणं असेल तर डोकं उचलायचा व्यायाम नको. मायस्थेनिया या आजारात वापराने स्नायू आणखी थकतात. तिथे जोराचा व्यायाम उलटू शकतो.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात:

*ऑपरेशननंतर दिलेलं तीन गोळ्यांचं यंत्र घरात आहे, तेच वापरू.* ते श्वास आत ओढून फुप्फुसं फुलवण्यासाठी असतं. इथे अडथळ्याविरुद्ध श्वास बाहेर सोडायचा असतो. दोन्ही कामं वेगळी.

*ठसका लागत नाही, म्हणजे सगळं ठीक.* घशाची जाणीव गेली असेल तर अन्न श्वासनलिकेत उतरूनही ठसका येत नाही. वारंवार ताप, छातीत कफ, जेवल्यावर ओलसर घोगरा आवाज, उतरत जाणारं वजन या खुणा बघा.

*नाकातून अन्नाची नळी घातली, आता घशाला विश्रांती.* न वापरलेले स्नायू दुबळे होतात. तोंडाच्या-घशाच्या कर्करोगात रेडिएशन चालू असतानाच, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, गिळण्याचे व्यायाम सुरू ठेवतात ते यासाठीच.

*मान मागे टाकली की गोळी पटकन उतरते.* घास मागे लवकर घसरतो आणि श्वासनलिकेची वाट अधिक उघडी पडते. मान सरळ ठेवा.

*महागडं यंत्रच हवं.* हनुवटीखाली गुंडाळलेला टॉवेलही चेंडूचं काम करतो. तो कुणी, किती वेळ, किती जोराने दाबायचा हे मात्र विचारूनच ठरवा.

घरात कुणाला गिळताना त्रास होत असेल, तर यंत्र मागवण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले स्पीच थेरपिस्ट यांना दाखवा. बेरियमचं चलचित्र किंवा नाकातून दुर्बीण घालून केलेली तपासणी, यांपैकी काय लागेल हे ते सांगतील. खोका आधीच आणला असेल, तर तोही सोबत घेऊन या. तुमच्या माणसाला तो लागू असेल तर आम्ही झडप मोजून लावून देऊ. तोपर्यंत तो बंदच राहू द्या.