दुकानाचा संगणक आणि सरावाचा संगणक

व्यापारी बंधूंनो, नवा कारागीर आला की उस्ताद त्याच्या हाती रेशमाचे थान देत नाही. आधी मांजरपाटावर कात्री चालवू देतो. संगणकाबाबत मात्र आपण उलटे वागतो. ज्या संगणकात उधारी, बिले आणि जीएसटीचा हिशेब आहे, त्यावरच नवशिक्याचा हात चालतो. जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपणे कायद्याने बंधनकारक आहे, हे ध्यानात ठेवावे.

यावर बिनखर्चाचा उपाय आहे. व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा, आभासी संगणक. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स मोफत मिळते आणि आत बसवायला डेबियन लिनक्सही मोफत. ८ जीबी रॅमच्या संगणकातून २ जीबी रॅम आणि २५ जीबी जागा त्याला दिली की काम भागते. लिनक्स बसताच ‘स्नॅपशॉट’ घ्यावा. पुढे काहीही बिघडले तरी त्या स्थितीवर परत येता येते.

आमच्या पेढीवर आम्ही मुलांना तीन धडे या क्रमाने देतो.

पहिला, हक्कांचा. मालक, मुनीम आणि नोकर यांची खाती वेगळी करावीत. लिनक्समध्ये वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १ असे अंक आहेत. हिशेबाच्या फाइलला ६४० दिले की मालक वाचेल आणि लिहील, त्याच्या गटातला मुनीम फक्त वाचेल, इतरांना ती उघडणारच नाही.

दुसरा, नकलेचा. ‘क्रॉन’ला वेळ सांगून ठेवली की हिशेबाची नक्कल रोज आपोआप निघते. पण संगणक बंद असेल तर क्रॉन चालत नाही. म्हणून रात्रीची नव्हे, दुकान उघडे असतानाची वेळ द्यावी. नक्कल दुसऱ्या डिस्कवर न्यावी. त्याच डिस्कवरची नक्कल डिस्कबरोबरच जाते. स्नॅपशॉटचेही तेच, म्हणून त्याला नक्कल समजू नये.

तिसरा धडा सर्वांत मोलाचा. सरावाची खातेवही मुद्दाम पुसून टाकावी. आज्ञा देऊन पुसलेली फाइल लिनक्समध्ये कचरापेटीत जात नाही, थेट जाते. मग नकलेवरून ती परत आणावी आणि शेवटची बाकी पैशापर्यंत जुळते का ते पाहावे. जुळली तरच नक्कल खरी. परत आणून न पाहिलेली नक्कल म्हणजे न मोजलेले थान. आत किती मीटर आहे ते कोण सांगणार?

विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, त्यामुळे अनेक बंधू लिनक्सचा विचार करीत आहेत. आमचे सांगणे इतकेच की आपले हिशेबाचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते की नाही, हे आधी आभासी संगणकावर तपासावे. तिसरा धडा पाच वेळा बिनचूक जमला, तरच मुलाच्या हाती दुकानाचा संगणक द्यावा.