ओढ्याकाठचा खेकडा : अन्न, आरोग्य आणि जपणूक

मृग नक्षत्राचे पहिले दोन-तीन पाऊस सह्याद्रीच्या कुशीत कोसळले, की उन्हाळाभर कोरडे पडलेले ओढे पुन्हा वाहू लागतात. भातखाचरांत पाणी साचते आणि अंधार पडताच बांधांवरून, पाणंदींतून उजेडाचे ठिपके हलताना दिसू लागतात. पूर्वी हा उजेड टेंभ्यांचा आणि कंदिलांचा असे, आता तो विजेरीचा असतो. हातात उजेड, काखेला टोपली आणि नजर पाण्याच्या काठावर, अशा तऱ्हेने माणसे खेकड्यांच्या शोधात निघालेली असतात. दिवसभर चिखलणी करून थकलेला शेतकरी, शाळकरी मुले, कातकरी-ठाकर पाड्यांवरील स्त्रीपुरुष असे सारेच त्यांत असतात.

घाटमाथ्यावरील आणि कोकणातील पावसाळी जेवणात या खेकड्याला मानाचे स्थान आहे. कोल्हापूर-सातारा भागात त्याला किरवे म्हणतात. ठाणे-रायगडकडे मुठे किंवा चिंबोऱ्या आणि सिंधुदुर्गात कुर्ल्या ही नावे रूढ आहेत. चिंबोरी व कुर्ली ही नावे खाडीतील खेकड्यालाही लावली जातात. परंतु ओढ्यातला खेकडा हा निराळा प्राणी आहे. त्याची जीवनरीत निराळी आहे आणि ती समजून घेतल्यावाचून त्याला पकडणे हे त्याच्या वंशावर घाला घालण्यासारखे होऊ शकते.

गोड्या पाण्याचा रहिवासी

युरोप-अमेरिकेतील नद्यांत आणि सरोवरांत ‘क्रेफिश’ नावाचा, लहान शेवंडासारखा दिसणारा कवचधारी जलचर सापडतो व तेथील लोक तो आवडीने खातात. भारतात त्याची एकही मूळ जाती नाही. आपल्या ओढ्यांत त्याची जागा खेकड्याने घेतली आहे. जगात गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या १,३०० हून अधिक जाती ज्ञात असून भारतात त्यांपैकी शंभराहून अधिक आढळतात. त्यांत पश्चिम घाटाचा वाटा मोठा आहे.

दख्खनच्या खेकड्यांकडे अभ्यासकांचे लक्ष फार पूर्वीच गेले होते. मुंबई इलाख्यात सांख्यिकी अधिकारी म्हणून काम केलेले कर्नल साइक्स यांनी येथून नेलेल्या नमुन्यांवरून ‘बॅरिटेलफ्यूसा क्युनिक्युलॅरिस’ या आज सर्वपरिचित असलेल्या खेकड्याचे वर्णन १८३६ साली प्रसिद्ध झाले. आजही नव्या जातींची भर पडतच आहे. ‘घाटियाना’ या नावाची, घाटावरूनच नाव घेतलेली एक संपूर्ण प्रजाती शास्त्रीय नोंदीत आली ती २०१४ साली. त्यानंतर सह्याद्रीच्या कड्यांवरून, झाडांच्या ढोलींतून आणि कातळसड्यांवरून रंगीबेरंगी खेकड्यांच्या अनेक जाती उजेडात आल्या. त्यांपैकी काहींचा वावर अगदी थोड्या टापूपुरता मर्यादित आहे. एका डोंगरावरचा खेकडा पलीकडच्या डोंगरावर असेलच असे नाही.

बिळातील संसार

ओढ्यातील खेकडा कल्ल्यांनी श्वास घेतो. त्यासाठी त्याला ओलावा लागतो. उन्हाळ्यात पाणी आटू लागले, की तो काठच्या मातीत खोल बीळ करून ओल असलेल्या थरापर्यंत उतरतो आणि कडक उन्हाचे दिवस तेथे निपचित काढतो. पहिल्या पावसाने माती भिजली, की तो बाहेर पडतो. रात्री खाद्य शोधतो. कुजलेली पाने, शेवाळ, गोगलगायी, किडे, मेलेले जीव असे त्याला काहीही चालते. काठावरून पडणाऱ्या पाल्याचा तो फडशा पाडतो, म्हणून ओढ्याची सफाई त्याच्याकडून आपोआप होत राहते. पाणमांजर, बगळे, हुमा घुबड यांसारख्या प्राणिपक्ष्यांचे तो भक्ष्य आहे. ज्या ओढ्यातून खेकडा नाहीसा होतो, तेथून त्याच्यावर पोसलेले हे जीवही हळूहळू दूर जातात.

शेतकऱ्याची त्याच्याविषयी तक्रार असते, ती निराधार नाही. भाताची कोवळी रोपे तो कुरतडतो आणि त्याच्या बिळांमुळे खाचरांच्या बांधांतून पाणी झिरपते. लावणीपूर्वी बांध चोपून घेणे व बिळे वेळीच बुजविणे हा त्यावरील जुना आणि आजही चालणारा उपाय होय. बिळात कीटकनाशक ओतणे हा उपाय नव्हे. ते विष खाचरातून ओढ्यात, ओढ्यातून विहिरीकडे आणि खेकड्यावाटे ताटापर्यंत पोहोचते.

शोधण्याची रीत

अनुभवी माणसाला बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीचे ताजे गोळे दिसले, की आत खेकडा आहे हे कळते. दिवसा ओढ्यातील दगड हळूच उलटून किंवा बिळात काठी घालून, तर रात्री उजेड दाखवून त्याला पकडतात. उजेडाने तो क्षणभर थबकतो, तेवढ्यात मागच्या बाजूने पाठीवर बोटे ठेवून त्याला उचलतात. पुढून हात घातला, तर नांगीचा चिमटा बसलाच म्हणून समजावे. काही भागांत बांबूच्या कामट्यांचे सापळे ओढ्याच्या वळणावर लावून पहाटे काढले जातात.

या कामात दोन धोके आहेत. पावसाळ्यात बिळांचा आसरा सापही घेतात. म्हणून बिळात उघडा हात कधीही घालू नये. दुसरा धोका पाण्याचा. वर डोंगरात पाऊस झाला, की खाली पावसाचा थेंबही नसताना ओढ्याला लोंढा येतो. मुलांनी रात्री एकटे जाऊ नये, हा घरातील वडीलधाऱ्यांचा नियम शाळेतही सांगितला जावा.

चुलीवर

खेकडा मेला, की त्याचे मांस फार लवकर बिघडते. म्हणून तो जिवंत असतानाच घरी आणून लागलीच शिजविण्याची प्रथा योग्यच आहे. स्वच्छ पाण्यात धुऊन त्याच्या नांग्या व पाय वेगळे करतात, पाठीचे कवच उघडतात आणि दोन्ही बाजूंचे पिसासारखे कल्ले काढून टाकतात. बारीक पाय फेकून न देता पाट्यावर वाटतात व त्यांचा रस गाळून रश्शात घालतात. भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण आणि मसाला यांच्या वाटणात खेकडे शिजले, की त्यांचा वास साऱ्या आळीत दरवळतो. काही घरांत कवचात मसाल्याचे बेसन भरून, दोऱ्याने बांधून ते रश्शात सोडतात. सोबत तांदळाची किंवा नाचणीची भाकरी असते.

या जेवणाला चवीपलीकडचा अर्थ आहे. खेकड्यातून उत्तम प्रथिने आणि कॅल्शियम, जस्त यांसारखी खनिजे मिळतात. वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या कातकरी कुटुंबांची कामे पावसाळ्यात बंद असतात, घरातील धान्य संपत आलेले असते. अशा दिवसांत ओढ्यातला खेकडा हे त्यांचे कालवण असते आणि रस्त्याकाठी विकलेल्या चार जुड्या हीच मीठमिरचीची सोय असते. म्हणूनच खेकडा कमी झाला, तर त्याची पहिली झळ अशा घरांना बसते.

कच्चेपणा टाळावा

गोड्या पाण्यातील खेकड्याच्या शरीरात फुफ्फुसाला ग्रासणाऱ्या एका चपट्या कृमीची सूक्ष्म अवस्था असू शकते. गोगलगायीतून खेकड्यात आणि खेकड्यातून मनुष्यात असा त्याचा प्रवास होतो. मणिपूर, नागालँड, अरुणाचल प्रदेश या राज्यांत या रोगाचे रुग्ण आढळले आहेत. दीर्घकाळचा खोकला, छातीत दुखणे आणि थुंकीतून रक्त पडणे ही त्याची लक्षणे क्षयरोगासारखीच असल्यामुळे निदानात चूक होऊ शकते. रोग ओळखला गेला, तर त्यावर गुणकारी औषध आहे.

यापासून बचावाचा मार्ग साधा आहे. खेकडा कच्चा वा अर्धवट शिजलेला खाऊ नये. वाटलेल्या पायांचा रस कच्चाच असतो. तो घातल्यानंतर रस्सा चांगला खळखळून उकळू द्यावा. कवच तांबूस झाले एवढ्यावरून खेकडा शिजला असे मानू नये. आतील मांस पांढरे व घट्ट झालेले असावे. शेतात निखाऱ्यावर घाईने भाजलेल्या नांग्या आतून कच्च्या राहतात. खोकल्यावर औषध म्हणून कुणाला कच्चा रस पाजणे तर सर्वथा टाळावे. पाटा, वरवंटा, सुरी आणि हात हे धुऊन घेतल्याखेरीज दुसऱ्या अन्नाला लावू नयेत. ज्यांना कोळंबी-खेकड्याने अंगावर गांधी उठतात किंवा धाप लागते, त्यांनी हे खाणे वर्ज्य करावे.

पोटाशी पिले

आता मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे. समुद्रातील खेकड्याची मादी लाखांनी अंडी घालते. त्यांतून निघालेले सूक्ष्म जीव प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात आणि त्यांतील थोडे जगले तरी वंश टिकतो. ओढ्यातील खेकड्याची गोष्ट तशी नाही. त्याची अंडी संख्येने थोडी, पण आकाराने मोठी असतात. मादी ती पोटाखालच्या रुंद पट्टीआड धरून ठेवते. अंड्यांतून थेट चिमुकले खेकडे बाहेर पडतात आणि तेही काही दिवस आईच्या पोटालाच बिलगून राहतात. ही पिले प्रवाहाबरोबर दूर जात नाहीत. जेथे जन्मतात, त्या परिसरातच वाढतात. एका ओढ्यातील माद्या संपल्या, तर तो ओढा पुन्हा भरून काढण्यास बाहेरून सहसा कोणी येत नाही.

उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाच्या आरंभी अशा अंडीवाल्या, पिलांवाल्या माद्या विशेष आढळतात. नेमके त्याच दिवसांत टोपल्या घेऊन माणसे बाहेर पडतात. पोटाशी पिले असलेली एक मादी टोपलीत गेली, की पुढील पावसाळ्यांचे कितीतरी खेकडे तिच्याबरोबर जातात. एकमेकांचे पाय ओढणाऱ्या माणसांना आपण खेकड्याची उपमा देतो; परंतु पोटाखालच्या पिलांना घेऊन पहिल्या पावसात बाहेर पडणारी ही आई त्या उपमेत कोठेच बसत नाही.

तिला ओळखणे अवघड नाही. खेकडा उलटा करून पाहावा. पोटावरची पट्टी अरुंद व त्रिकोणी असेल, तर तो नर. ती रुंद आणि गोलसर असेल, तर मादी. पट्टी किंचित उचलताच अंडी वा पिले दिसली, तर तिला जेथून उचलले तेथेच अलगद सोडून द्यावे. अंगठ्याएवढे लहान खेकडेही घेऊ नयेत. पावसाळ्याच्या तोंडावर समुद्रातील यांत्रिक मासेमारी काही काळ बंद ठेवली जाते, ती माशांच्या विणीसाठीच. ओढ्यातील खेकड्याला तशी उसंत गावाने आपल्या विचाराने द्यावयाची आहे.

परका पाहुणा नको

खेकडे कमी झाले म्हणून बाहेरचा एखादा जलचर आणून सोडण्याचा मोह होऊ शकतो. याबाबत युरोपचा अनुभव डोळे उघडणारा आहे. अमेरिकी क्रेफिशबरोबर आलेल्या, बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे होणाऱ्या एका रोगाने १८६० च्या सुमारास इटलीपासून सुरुवात करून युरोपातील मूळ क्रेफिशची दाणादाण उडविली. १९०७ मध्ये हा रोग स्वीडनमध्ये पोहोचला. तूट भरून काढण्यासाठी तेथे १९६० पासून अमेरिकेतून दुसरी जाती आणण्यात आली. ती स्वतः रोग सोसून जगणारी, पण त्याची वाहक ठरली आणि उरलेल्या मूळ क्रेफिशवरील संकट अधिकच गडद झाले. शोभेच्या काचपेटीत ठेवलेले परदेशी क्रेफिश, मासे किंवा कासवे नकोशी झाली म्हणून तळ्यात वा ओढ्यात सोडू नयेत, हा यातील धडा आहे.

गावाच्या हाती

पाण्यात विष कालवून किंवा सुरुंग उडवून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने गुन्हा ठरविले होते आणि त्या कायद्याच्या व्याख्येनुसार ‘मासा’ या शब्दात कवचधारी जलचरांचाही समावेश होता. अनुसूचित क्षेत्रांतील लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन १९९६ च्या पेसा कायद्याने पंचायतींकडे सोपविण्याची तरतूद केली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींचा मासे व पाण्यातील इतर उत्पन्नांवरील सामूहिक हक्क मान्य केला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार व्हावी, अशीही योजना आहे.

या तरतुदींचा उपयोग करून पंचायत सदस्यांना बरेच काही साधता येईल. पावसापूर्वीच्या ग्रामसभेत अंडीवाल्या माद्या न घेण्याचा ठराव करता येईल. ओढ्याचा एखादा डोह वा वरचा झरा राखीव म्हणून सोडता येईल. ठराव करताना ज्यांचे पोट या ओढ्यावर अवलंबून आहे, त्या पाड्यांवरील माणसांना प्रथम विचारले पाहिजे. खेकड्याची बिळे, त्याचे रंग आणि त्याच्या वेळा त्यांच्याइतक्या कोणालाच ठाऊक नसतात. त्यांचे हे ज्ञान नोंदवहीत त्यांच्याच शब्दांत उतरले पाहिजे. शिक्षकांना नर-मादीची ओळख हा पाठ ओढ्याच्या काठावरच घेता येईल आणि दरवर्षी पहिला खेकडा कोणत्या तारखेस दिसला, याची नोंद मुलांकडून ठेवता येईल.

खेकडा खाऊ नये, असा याचा अर्थ नाही. पिढ्यान्‌पिढ्या तो खाल्ला गेला आहे आणि पुढील पिढ्यांच्या ताटातही तो असावा. त्यासाठी टोपलीत टाकण्यापूर्वी प्रत्येक खेकडा एकदा उलटून पाहावा, एवढीच अपेक्षा आहे. विजेरीच्या उजेडात त्याला क्षणभराचा वेळ लागतो. त्या क्षणावर ओढ्याचे पुढचे अनेक पावसाळे अवलंबून असतात.