जुनी संगीन : घासाल तर फसाल!

शंभर वर्षांपूर्वीचं पातं लखलखीत केलं की त्याची किंमत वाढते, असं वाटतं ना? संगिनींचे शौकीन मात्र नेमकं उलटं सांगतात...

काळवंडलेलं तांब्या-पितळेचं भांडं दिसलं, की आपला हात आपोआप चिंचेकडे जातो. घासलं, चकचकीत झालं, काम फत्ते! पण हाच न्याय जुन्या संगिनीला लावला तर? दहा मिनिटांत शंभर वर्षांचा इतिहास पुसला जातो आणि बाजारातली किंमतही धाडकन खाली येते. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात जुन्या संगिनी जमवण्याचा छंद चांगलाच रुजलेला आहे. तिथल्या नवशिक्याला मिळणारा पहिला सल्ला हाच असतो : आधी हात आवरा!

संगीन म्हणजे बंदुकीच्या टोकाला बसवायचं पातं. सतराव्या शतकात ती आली तेव्हा तिची मूठ थेट नळीच्या तोंडात खुपसावी लागे. म्हणजे संगीन लावली की गोळी झाडणं बंद! पुढे नळीभोवती बसणारी कडी आली आणि ही अडचण सुटली. त्यानंतर तलवारीसारख्या मुठीच्या संगिनी आल्या.

त्यांतली छंदिष्टांची लाडकी म्हणजे ब्रिटिश लष्कराची १९०७ची संगीन. ली-एनफिल्ड रायफल आखूड केल्यावर शिपायाचा पल्ला कमी पडू नये, म्हणून तिला १७ इंचांचं, म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटरचं पातं दिलं गेलं. नमुना डोळ्यांपुढे होता जपानी संगिनीचा. ब्रिटनमध्ये अशा लाखो संगिनी तयार झाल्या. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो इथे आणि कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यातही त्या बनल्या. त्यामुळे नवख्या संग्राहकालाही ती परवडते.

पात्यावरची जन्मपत्रिका

मुठीलगतचा पात्याचा भाग हीच या संगिनीची जन्मपत्रिका. एका बाजूला राजमुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरं, मग १९०७ हा नमुन्याचा आकडा, तयार झाल्याचा महिना व वर्ष आणि कारखान्याचं नाव. दुसऱ्या बाजूला सरकारी मालकीचा बाण, तपासनिसांचे शिक्के आणि एक फुली. ही फुली म्हणजे पातं वाकवून पाहिलं आणि ते कसोटीला उतरलं, याची पावती! कधी मुठीच्या टोकावर पलटणीची खूणही सापडते. ती मिळाली, की ही संगीन कोणाच्या कमरेला होती याचा माग काढता येतो.

पॉलिश पेपरचे चार हात फिरले, की हे सारे ठसे बुजतात. उरतो तो फक्त लोखंडाचा चकचकीत तुकडा.

हुकाची हेराफेरी

सुरुवातीच्या १९०७ संगिनींना मुठीजवळच्या आडव्या पट्टीला खाली वळलेला हुक असे. १९१३मध्ये तो काढून टाकण्याचा निर्णय झाला. नव्या संगिनी बिनहुकाच्या निघाल्या आणि दुरुस्तीला आलेल्या जुन्यांचे हुक कापले गेले. साहजिकच शाबूत हुकाची संगीन दुर्मीळ झाली. तिला साध्या संगिनीच्या कितीतरी पट भाव मिळतो.

जिथे भाव, तिथे भामटे! साध्या संगिनीला नवा हुक जोडायचा आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची, हा धंदा जुनाच. पण चोर पकडतात तेच शिक्के. ब्रिटनमध्ये बनलेल्या पात्यावर १९१७ साल आणि पट्टीला हुक असेल, तर दाल में कुछ काला है! आणखी एक खूण म्हणजे मुठीच्या टोकातलं घाण बाहेर पडण्यासाठीचं भोक. ते १९१६पासून पाडू लागले. नंतर जुन्या संगिनींनाही पाडलं गेलं, म्हणून अस्सल हुक आणि बिनभोकाची मूठ एकत्र आली तर शौकिनाला लॉटरीच लागली समजा.

दुरुस्ती कशी करावी?

गंजावर बोट फिरवा. बोटाला तांबडी भुकटी लागली, तर गंज अजून लोखंड खातो आहे. तो काढायलाच हवा. पातळ तेल लावून एक-दोन दिवस तसंच ठेवायचं आणि अगदी बारीक स्टीलवूलने हलक्या हाताने पुसायचं. शिक्क्यांच्या जागी तर अधिकच जपून. तपकिरी-काळा, घट्ट बसलेला थर मात्र तसाच राहू द्यायचा. तो पात्याचं वय सांगतो. शेवटी मेणाचा पातळ हात द्यायचा, म्हणजे दमट हवा आणि बोटांचा घाम यांपासून लोखंड सुरक्षित राहतं. मुठीचं लाकूड खरवडू नये. जवसाच्या तेलाचे दोन थेंब पुरेत. आणि संगीन चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं ठेवू नये. कातडं कमावतानाचे आम्ल पदार्थ आणि ओल पात्याला आतल्या आत गंजवतात.

प्रामाणिक विक्रेता काय दुरुस्त केलं, कोणता भाग बदलला, हे आधीच सांगतो. या व्यापारात अब्रू टिकते ती यावरच.

कायदा विसरू नका

भारतात हा छंद जपून करावा लागतो. आपल्या शस्त्रविषयक नियमांतल्या धारदार शस्त्रांच्या यादीत संगीन नावानिशी आहे. त्यामुळे ती घेण्या-विकण्यापूर्वी किंवा परदेशातून मागवण्यापूर्वी परवान्याची चौकशी करायलाच हवी. शिवाय १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.

दोन्ही महायुद्धांत मराठा पलटणींच्या जवानांनीही ली-एनफिल्ड खांद्यावर वाहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात लांब पाती कापून १२ इंचांची केली गेली. अशी एखादी संगीन पणजोबांच्या ट्रंकेत सापडली, तर चिंच बाजूला ठेवा. आधी भिंग घ्या, शिक्के वाचा, फोटो काढा आणि पोलीस ठाण्यात नियम विचारा. पणजोबांनी जे कधी सांगितलं नाही, ते कदाचित त्या पात्यावर कोरलेलं असेल!